विमानअंतर सांगणारी गणकं: किलोमीटर घ्या, मिनिटं टाकून द्या

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली आहेत. कोल्हापुरात लेह-श्रीनगरचं बुकिंग करणारे आणि अलीकडे नॉर्वेच्या ध्रुवीय प्रकाशाच्या सहली विकणारेही गिऱ्हाइकाला त्यावरूनच आकडे सांगतात. ही गणकं कितपत भरवशाची, ते तपासायला मुंबई-दिल्लीसारखा मार्ग घेण्यात अर्थ नाही, तिथे कुठलंही गणक पास होतं. खरी परीक्षा एकाकी, उत्तरेकडच्या विमानतळांवर होते. तिथे नकाशा ताणलेला असतो, विमानं छोटी असतात आणि घड्याळं विचित्र चालतात.

म्हणून कसोटीला हे मार्ग घेतले: आपल्याकडचा लेह–श्रीनगर, नॉर्वेचा ट्रोम्सो–लाँगयिअरब्येन, त्याच्याही पलीकडचा लाँगयिअरब्येन–नी-ओलसुंड, कॅनडा आणि ग्रीनलंडमधला इकालुइट–नूक, आणि शेवटी अलास्काचं उत्कियाग्विक. पायाखालची जमीन सुटू नये म्हणून जोडीला उजळाईवाडी (म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ)–मुंबई.

आधी किलोमीटर. यात ही गणकं जवळजवळ कधीच चुकत नाहीत. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. त्या दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सर्वांत कमी अंतर काढायचं सूत्र शाळेतल्या त्रिकोणमितीचंच आहे. फरक पडतो तो पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांशी किंचित चपटी, यावर. ट्रोम्सो ते लाँगयिअरब्येन हे अंतर गोल पृथ्वीवर सुमारे 958 किलोमीटर येतं, चपटी धरली तर सुमारे 961. विषुववृत्तापाशी अक्षांशाचा एक अंश 110.6 किलोमीटरचा असतो, ध्रुवापाशी 111.7 चा. दक्षिणोत्तर मार्गावर तेवढं साचत जातं. तीन-चार किलोमीटर म्हणजे जेट विमानाला पंधरा-वीस सेकंद. दोन संकेतस्थळांनी वेगळे आकडे दिले म्हणून भांडत बसण्यासारखं त्यात काही नाही.

भांडण होतं ते एककावरून. नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा, साधा मैल 1.609 चा. बऱ्याच संकेतस्थळांवर नुसतं 'मैल' लिहिलेलं असतं. 958 किलोमीटर म्हणजे 517 नॉटिकल मैल किंवा 595 साधे मैल. वैमानिकाच्या कागदावरचा आकडा आणि तिकिटावरचा आकडा जुळत नसेल तर आधी हे बघावं.

दुसरा घोळ विमानतळाच्या तीन अक्षरी कोडचा, आणि तो कोल्हापूरकरांना चांगलाच महागात पडू शकतो. लेहसाठी इंग्रजीत एल-ई-एच अशी अक्षरं टाकली तर गणक तुम्हाला फ्रान्समधल्या ल हाव्हरला नेऊन सोडतं. लेहचा कोड आयएक्सएल आहे. कोल्हापूर (केएलएच) ते लेह सरळ रेषेत सुमारे 1,970 किलोमीटर, आणि कोल्हापूर ते ल हाव्हर सुमारे 7,500. एवढा फरक डोळ्यांना खुपतो म्हणून बरं, नाहीतर चूक लक्षातही आली नसती. नावं बदललेल्या गावांचंही असंच. इकालुइटचं नाव 1987 पर्यंत फ्रोबिशर बे होतं, कोड आजही वायएफबी. उत्कियाग्विकला 2016 पर्यंत बॅरो म्हणत, कोड अजून बीआरडब्ल्यू. हसण्याआधी आठवावं की मुंबईचा कोडही बीओएमच राहिला आहे. नावाने शोधणारी काही गणकं जुनं नाव ओळखतात, नवं ओळखत नाहीत, तर काहींचं नेमकं उलटं. म्हणून नावाने शोधूच नये, कोडनेच शोधावं. तीन अक्षरी कोड नसला किंवा माहीत नसला तर चार अक्षरी टाकावा: लाँगयिअरब्येनचा ईएनएसबी, नी-ओलसुंडचा ईएनएएस, उजळाईवाडीचा व्हीएकेपी.

नकाशावर बोटाने अंतर मोजायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते. मोबाइलवर दिसणारा नेहमीचा नकाशा उत्तरेकडे ताणत जातो. कोल्हापुरात तो ताण चार-पाच टक्क्यांचा असतो, 78 अंशांवर जवळजवळ पाचपट. लाँगयिअरब्येन ते नी-ओलसुंड हे अंतर जेमतेम 110 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून बेळगावला गाडीने जावं एवढं. नकाशावर पट्टी लावली तर मात्र ते कोल्हापूर–हैदराबादपेक्षा लांब भरतं, आणि ते हवाई अंतर सुमारे 445 किलोमीटर आहे. रेखांशाचं उलट होतं. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे 106 किलोमीटरच्या पुढे, लाँगयिअरब्येनला तोच अंश 23 सुद्धा भरत नाही. नकाशावर मार्गाची रेषा कमानीसारखी वाकलेली दिसली तर समजावं की संकेतस्थळ नीट काम करतंय. पूर्व-पश्चिम लांब मार्गावर सरळ रेष मारणारं गणक लगेच बंद करावं.

आता मिनिटं. इथे ही संकेतस्थळं उघडी पडतात.

बहुतेक फुकट गणकं एकच हिशेब करतात: अंतर भागिले ताशी 800 किलोमीटर, अधिक अर्धा तास. कोणी 800 ऐवजी 850 धरतं, कोणी अर्धा तास धरतच नाही. विमान कोणतं, हे कोणीच विचारत नाही. ट्रोम्सो–लाँगयिअरब्येनला हा हिशेब बरोबर बसतो, कारण तिथे बोइंग 737 सारखी जेट विमानं जातात. 958 किलोमीटरला 72 मिनिटं, त्यात 30 मिळवली की एक तास 42 मिनिटं. वेळापत्रकातही दीड तासाच्या वरच असतं. मार्गही दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे पश्चिमेकडून येणारा उंचावरचा वारा बहुतांशी बाजूने लागतो, विमानाला ढकलत नाही की फारसं अडवतही नाही. पूर्व-पश्चिम मार्गावर तसं नसतं. याच अंतराला ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला तर नुसत्या उड्डाणातच दहा मिनिटं वाढतात, आणि गणकात वाऱ्याला जागाच नसते.

छोट्या विमानावर गेलं की हिशेब कोसळतो. इकालुइट–नूक सुमारे 822 किलोमीटर. गणक म्हणतं दीड तास. 2024 च्या उन्हाळ्यात ही सेवा सुरू झाली ती डॅश-8 जातीच्या पंख्याच्या विमानाने, त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. प्रत्यक्षात दोन तासांच्या वर धरावं लागतं. आपल्याकडची एटीआर 72 त्याच वेगाची. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे 309 किलोमीटर, गणकाने 53 मिनिटं सांगितली, तर एटीआरला तास-सव्वा तास धरावा. एम्ब्रेअरसारखं जेट असेल तर गणक खरं ठरतं. म्हणजे दोष अंतराचा नाही, विमानाच्या जातीचा आहे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तेवढा वाचला की पुढचा हिशेब घरी करता येतो.

तो असा. इकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या कार्बन गणकात सरळ अंतरात भर घालते, कारण विमान कधीच अगदी सरळ रेषेत जात नाही. 550 किलोमीटरपेक्षा कमी अंतराला 50 किलोमीटर, 550 ते 5,500 पर्यंत 100, त्यापुढे 125. ही भर घालावी, मग विमानाच्या वेगाने भागावं (पंख्याचं असेल तर 500, जेट असेल तर 800, आणि तीनशे किलोमीटरच्या आतलं जेट असेल तर 700, कारण ते उंची गाठेपर्यंत उतरायची वेळ होते) आणि शेवटी धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याची वीस मिनिटं मिळवावीत. नूकसाठी 922 भागिले 500, म्हणजे 110 मिनिटं अधिक 20, दोन तास दहा मिनिटं. मुंबईसाठी एटीआरने 359 भागिले 500, म्हणजे 43 अधिक 20, तासाच्या थोडं वर. कागदावर दोन ओळींचं गणित, पण फुकट गणकापेक्षा जवळचं उत्तर देतं. थंडीच्या दिवसांत विमानाच्या पंखांवरचा बर्फ फवारून काढावा लागतो, त्याची आणखी दहा ते वीस मिनिटं वेगळी.

लाँगयिअरब्येन–नी-ओलसुंडला गंमत उलटी होते. 110 किलोमीटरला गणक 38 मिनिटं सांगतं, त्यातली 30 सगळ्यांना सरसकट लावलेली. तिथे जाणारं डॉर्नियर 228 (हिंदुस्थान एरोनॉटिक्स कानपूरला परवान्याने बनवते तेच) साधारण 25 मिनिटांत पोहोचतं. ना रांग, ना धावपट्टीपर्यंतचं लांब टॅक्सिंग. धावपट्टी खडीची आणि 800 मीटरच्या आसपास लांब, उजळाईवाडीच्या निम्म्याहूनही कमी. मात्र ही जागा पर्यटकाला सहज मिळत नाही. नी-ओलसुंड हे संशोधकांचं गाव आहे, व्यवस्था किंग्ज बे कंपनीकडे, आणि विमानातल्या जागा तिथे काम असणाऱ्यांसाठी. भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच आहे, 2008 पासून. उत्तर ध्रुवापासून सुमारे 1,200 किलोमीटर. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आपल्या शेजारी गोव्यातल्या वास्कोला आहे, आणि डिसेंबर 2023 पासून भारताच्या मोहिमा हिवाळ्यातही जातात. तिथे जाणाऱ्या माणसाला गणकाचं उत्तर काय कामाचं! हवामान बिघडलं की 25 मिनिटांच्या उड्डाणासाठी लाँगयिअरब्येनला मुक्काम पडतो.

याच कारणाने लाँगयिअरब्येनचा वेळही बेभरवशाचा. हा विमानतळ 1975 मध्ये औपचारिकपणे सुरू झाला, धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. लाँगयिअरब्येन ज्या स्वालबार्ड द्वीपसमूहात आहे, त्यात प्रवासी जेट उतरवावं असा दुसरा विमानतळ नाही. धुकं किंवा वारा आला की विमानाला मुख्य भूमीवर परत फिरावं लागतं, त्यामुळे तेवढं इंधन आधीच घेऊन निघतात. म्हणजे एक तास 42 मिनिटांचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा होऊन ट्रोम्सोलाच संपू शकतो. अशा मार्गावर परतीच्या दिवसानंतर किमान एक दिवस मोकळा ठेवूनच पुढचं तिकीट काढावं.

लेहचं दुखणं वेगळं. लेह–श्रीनगर सुमारे 256 किलोमीटर, गणक 49 मिनिटं सांगतं आणि विमानही तेवढ्याच वेळात जातं. (रस्त्याने झोजिला ओलांडून हेच सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास होतं.) पण आकडा बरोबर आला म्हणून गणकाला शाबासकी देऊ नये, योगायोगाने बसला आहे. त्या सरळ रेषेपासून दहा किलोमीटरच्या आसपास नून शिखर आहे, 7,135 मीटर उंच, म्हणून थोड्या अंतरासाठीही विमानाला पुरेशी उंची घ्यावीच लागते. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 3,200 मीटरच्या वर. हवा विरळ, दुपारी ऊन तापलं की आणखी विरळ, आणि दरीत वारा सुटतो. त्यामुळे प्रवासी उड्डाणं बहुतेक सकाळीच उरकतात. सकाळचं विमान चुकलं तर 'पुढचं दुपारी' असं काही नसतं, पुढचं म्हणजे उद्याच. उन्हाळ्यात विमानाचं वजन कमी ठेवावं लागतं, म्हणून कधी सामान मागे राहतं. पहिल्या दिवसाची औषधं आणि गरम कपडे हातातल्या पिशवीतच ठेवावेत. वर उतरल्यावर एक-दोन दिवस शरीराला सवय होण्यासाठी स्वस्थ बसायचं असतं, पँगाँगची गाडी त्याच दिवशी धरायची नसते. कोल्हापूरहून लेहला किती वेळ लागतो, याचं प्रामाणिक उत्तर तीन दिवस असं आहे, आणि ते कुठलंही गणक देत नाही.

सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळाच आहे. विमान जातं की नाही, याची या संकेतस्थळांना फिकीर नसते. लाँगयिअरब्येन आणि उत्कियाग्विक टाकून पाहा. ध्रुवाच्या अगदी जवळून रेषा जाते, अंतर सुमारे 3,400 किलोमीटर, आणि खाली ठळक अक्षरात 'उड्डाणाचा वेळ पावणेपाच तास'. असं विमान कुठेच नाही. प्रत्यक्षात लाँगयिअरब्येनहून ओस्लो गाठावं लागतं, तेच दोन हजार किलोमीटर आणि तीन तासांच्या आसपास. तिथून अटलांटिक ओलांडून अमेरिका, मग अँकरेज, आणि तिथून पुन्हा सुमारे 1,170 किलोमीटर उत्तरेला. चारपेक्षा कमी विमानांत हे होत नाही, एका दिवसातही नाही. रंकाळ्याच्या एका काठावरून समोरचा काठ दिसतो म्हणून कोणी पाण्यावरून चालत जात नाही, वळसा घालूनच जावं लागतं. गणक फक्त समोरचा काठ दाखवतं.

कोल्हापूर–लाँगयिअरब्येनचंही तेच. सरळ अंतर सुमारे 7,500 किलोमीटर, गणकाचा वेळ नऊ तास पन्नास मिनिटं. खरा प्रवास कोल्हापूर–मुंबई, मुंबई ते युरोपातला एखादा मोठा विमानतळ, तिथून ओस्लो आणि मग वर. नुसती हवेतली बेरीजच पंधरा तासांपर्यंत जाते. मधले थांबे धरले तर दीड दिवस, आणि कोल्हापूरचं तिकीट वेगळं काढलं असेल तर दोन दिवस. वेगळ्या तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. पावसाळ्यात उजळाईवाडीला दृश्यता कमी झाली की विमान लांबतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणं जास्त शहाणपणाचं. व्हिसाचाही एक खड्डा आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या बाहेर. नॉर्वेतून तिथे जाऊन परत यायचं तर शेंगेन व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा हवा. एकदाच प्रवेशाचा घेतला तर जाता येईल, परत नॉर्वेत शिरता येणार नाही.

वेळेच्या पट्ट्यांत तर काही गणकं सरळ चुकीचीच निघतात. ग्रीनलंडने 2023 मध्ये घड्याळ कायमचं एक तास पुढे नेलं. ज्यांनी आपली माहिती तेव्हापासून बदलली नाही ती अजून इकालुइट आणि नूकमध्ये दोन तासांचा फरक दाखवतात. खरा फरक एरवी तीन तासांचा आहे. तरी मार्चमध्ये साधारण दोन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा तो खरंच दोनच तास होतो, कारण उत्तर अमेरिका आणि युरोप उन्हाळी वेळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात आणि ग्रीनलंड युरोपबरोबर चालतं. आता नूकहून सकाळी दहाला निघून दोन तास दहा मिनिटं उडालं की इकालुइटला घड्याळ नऊ दहा दाखवतं. निघण्याआधीच पोहोचल्यासारखं! गणक पारखायचं असेल तर हीच जोडी टाकून पाहावी, एका मिनिटात त्याचा कस कळतो. नॉर्वेचा हिशेब त्यामानाने सोपा: लाँगयिअरब्येन आणि ओस्लोचं घड्याळ एकच, आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन.

मग वापरायचं काय? अंतरासाठी ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ. दिसायला जुनाट आहे, मोबाइलवर अक्षरं बारीक, पण फुकट आहे आणि आकडा चोख. दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे, अनेक मार्ग हवे असतील तर स्वल्पविराम. पृथ्वीचा चपटेपणा धरतं, ध्रुवाकडून पाहिलेला नकाशाही काढून देतं, त्यामुळे उत्तरेचे मार्ग ताणलेले दिसत नाहीत. एखाद्या विमानतळाभोवती अमुक नॉटिकल मैलांचं वर्तुळही काढता येतं. लाँगयिअरब्येनभोवती 500 चं काढून पाहिलं तर ट्रोम्सो जेमतेम रेषेबाहेर राहतं आणि तिथलं एकाकीपण एका नजरेत कळतं. वेग आपण दिला तर वेळही सांगतं, म्हणजे विमान कोणतं हे ठरवायचा हक्क आपल्याकडे राहतो. वेळेसाठी मात्र गणक नकोच. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार24 वर त्या क्रमांकाच्या विमानाची गेल्या काही दिवसांची नोंद पाहावी: ठरलेली वेळ, सुटलेली वेळ, उतरलेली वेळ. चार-पाच नोंदींची सरासरी काढली की खरा आकडा हातात येतो, आणि कोणत्या दिवशी विमान परत फिरलं तेही दिसतं. हिवाळ्यातल्या प्रवासासाठी उन्हाळ्यातल्या नोंदी पाहून उपयोग नाही, प्रवासाच्या महिन्यातल्याच पाहाव्यात.

बाकीच्या जाहिरातींनी भरलेल्या गणकांपैकी जी विमानाचा प्रकार निवडू देत नाहीत आणि त्या मार्गावर थेट विमान आहे का ते सांगत नाहीत, त्यांना पाचपैकी दोन तारे. ते दोनही किलोमीटरसाठी. ग्रेट सर्कल मॅपरला साडेचार. अर्धा कापला तो त्या बारीक अक्षरांसाठी, कारण शाहूपुरीतल्या काउंटरवर गिऱ्हाइकासमोर फोन धरून ते दाखवणं म्हणजे चष्मा शोधण्यापासून सुरुवात.